चौकट अंगणातच

४ मार्च
आलं ते: सागवानी चौकट, ९,५००. रंगाचे डबे, ७,२००. मंचरहून पडद्यांचं कापड, २,४००. भिंतींना गिलावा नाही, अन् पडदे हजर! म्हणे सवलत होती. भीमाशंकरा, ह्यांना सवलतीपासून वाचव.
१२ मेला रवीचं लग्न. सून नव्या घरातच आणणार, असं हे व्याह्यांना सांगून बसलेत.

७ मार्च
रवी पुण्याहून आला. मुलगा कॉम्प्युटरवाला, त्यानं पडद्यांच्या खोक्यावर गोल काढले. एकेका गोलात एकेक काम, कशानंतर काय ते बाणांनी जोडलेलं. चौकट, मग गिलावा, मग फरशी, मग रंग — ही साखळी सगळ्यांत लांब, दीड महिन्याची. विजेची, गेटची आखूड.
"घराला लांब साखळीएवढाच वेळ लागणार, आण्णा. आखूडवाली कितीबी पळवा, उपयोग नाय."
ह्यांनी मान डोलावली. दुपारी गेट घेऊन आले.

११ मार्च
चौकट अंगणात आडवी. कुशाबा मिस्त्री रोज येतो, तिच्यावर बसून चहा पितो. आमच्यात चौकटीला पहिलं हळदकुंकू नणंदेनं लावायचं, मगच ती उभी राहते. माझ्या वन्सं, साळुबाई, लोणीत असतात. सासरे गेल्यावर ह्यांनी त्यांची हक्कसोडीवर सही घेतली — कागद नुसता नावाला म्हणून — अन् सगळं वावर गिळलं. तेव्हापासून आमचा फोन त्या उचलत नाहीत.
हे म्हणतात, तिनं आधी यावं, मग बोलू. त्यांचा निरोप, त्यानं आधी बोलावं, मग येते. दोघं एकाच आईची!
रवीनं तेही दोन गोल काढले. बाण इकडून तिकडं, तिकडून परत इकडं.
"बाण असा फिरून आला का लांबी मोजताच येत नाय. एक खोडावा लागंल."
"कंचा?" ह्यांनी विचारलं.
रवीनं पेन त्यांच्या हातात दिलं.

१४ मार्च
एकादशी. उपास माझा. जेवले मात्र हेही नाहीत.

१९ मार्च
तलाठ्याला विचारून आले, येताना पोस्टकार्ड आणलं. "तू लिही. माझं अक्षर बघून ती फाडंल." हे सांगत गेले, मी लिहिलं:
"साळू, ओढ्याकाठचं वावर तुझ्या नावावर करतोय. तू चौकटीला आली न्हाई, तरी करतोय. येणार असशील तर उलट टपाली कळव."