पिवळ्या किड्याची बाजू

आई,

काल सकाळी माझ्यावर जो अन्याय झाला, त्याची दाद रत्नागिरीच्या कुठल्याही कोर्टात लागायची नाही, म्हणून तुझ्याकडे आलो आहे. म्युनिसिपालिटीच्या दिव्यांवरचा लेख तिसऱ्यांदा नक्कल करून, एकही खाडाखोड न होऊ देता, दुपारच्या टपालात टाकायचा म्हणून टेबलावर वाळत ठेवला होता. खिडकीतून एक किडा आला. मसुराएवढा, घुमटासारख्या पाठीचा, पिवळाधमक, वर काळी नक्षी. सरळ अध्यक्षांच्या नावावर जाऊन बसला. मी त्याला चिमटीत धरला, तर त्याने गुडघ्यांतून पिवळा रस सोडला आणि अध्यक्ष पिवळे झाले. इतक्या वर्षांत माझ्या लिखाणावर इतका थोडक्यात अभिप्राय कोणी दिला नव्हता.

तू असतीस तर लेख राहिला बाजूला, आधी मला न्हाणीत ढकलून हात राखेने घासायला लावले असतेस. तुझा कायदा पक्का होता. लाल बसला तर बसू द्यावा, तो कुंकवाचा. काळा आपल्या वाटेने जाईल. पिवळा अंगावर बसला की कावीळ. आळीतल्या सगळ्या बायकांना हे पंचांगासारखं पाठ होतं आणि पंचांगाइतकंच कोणी तपासून पाहिलेलं नव्हतं.

माझ्या पाठची धाकटी मात्र कुठल्याच कायद्यात बसायची नाही. सात वर्षांची. श्रावणातली ती दुपार मला अजून दिसते. पलीकडच्या काकूंचा दोडक्याचा वेल मधल्या दगडी गडग्यावरून आपल्या परसात उतरला आहे आणि त्याच गडग्यावर, चिऱ्याच्या ओल्या दगडावर बसून ती हातावर किड्यांचं वऱ्हाड चालवते आहे. लाल ती नवरी, काळे ते व्याही, आणि मनगटावर एकटीच मागे राहिलेली पिवळी करवली. तू भांडी टाकून धावत येतेस आणि करवलीला तिथल्या तिथे चापटीने चिरडतेस. मनगटावर पिवळा डाग उरतो. घासून घासून तिची कातडी लाल होते, पण डाग काही लगेच जात नाही. पुढे पंधरवड्याने तिचे डोळे पिवळे झाले, तेव्हा तू कोणाला काही विचारलंच नाहीस. तुला आधीच कळलेलं होतं.

मग कावीळ उतरवणारा आला. रोज सकाळी तिचे हात परातीवर धरून तो चुन्याचं पाणी ओतायचा, पाणी पिवळं व्हायचं, आणि आपण सगळे हुश्श करायचो. दिवसेंदिवस पाणी अधिक पिवळं होत गेलं आणि तीही. अखेर अण्णांनी डॉक्टर आणले. डॉक्टर यकृताबद्दल काहीतरी बोलले, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून पुढचं विचारायची कोणाची छाती झाली नाही. तू एवढंच विचारलंस, “किडा पिवळा होता, डॉक्टर. त्यानंच झालं ना?” ते बॅग बंद करत होते. “होतही असेल, बाई,” म्हणाले. दमलेल्या माणसाचं सौजन्य होतं ते. पुढची सगळी वर्षं तू त्या एका वाक्यावर काढलीस.

धाकटी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी काकू तुझ्यापाशी बसायला आल्या. तू दारातूनच म्हणालीस, “तुमच्या वेलानं माझी पोर नेलीन. आता बसायला कशाला येता?” त्या आल्या पावली परत गेल्या. त्यानंतर दर पावसाळ्यात गडग्यावरून आत आलेला प्रत्येक फुटवा तू कोयतीने तोडायचीस. काकूंनी वेल लावणं सोडलं नाही, तू तोडणं सोडलं नाहीस. दोघींचं बोलणं म्हणून तेवढंच उरलं होतं. तू गेल्यावर घरात तो रिवाज चालू राहिला.

गेल्या महिन्यात शेतकी खात्याचे एक गृहस्थ बागायतदारांना व्याख्यान द्यायला आले होते. टवाळीला खाद्य मिळेल म्हणून मी गेलो. शेवटी सगळे पांगल्यावर त्यांना गाठलं. ते म्हणाले, लाल, पिवळा, नारिंगी, काळा, रंग कुठलाही असो, माणसाला त्याच्यापासून भय नाही. फार तर एखादा चिमटा काढील, नाजूक कातडीला खाज सुटेल. तो रस कडू असतो, पाखरांनी थुंकून टाकावं म्हणून. बहुतेक जाती झाडावरचा मावा खातात. एक मळकट, पुष्कळ ठिपक्यांची जात दोडक्याची, वांग्याची पानं खाते, म्हणजे वैर असलंच तर भाजीशी. मी कावीळ म्हटलं. “छे हो,” ते म्हणाले, “रंग सारखा, एवढंच.”

हे तुला सांगायचं म्हणून कागद ओढला, आणि आता हात अडला आहे. किडा सुटला, वेल सुटला, मग राहिलं कोण? मी पोट भरतो ते दोषी शोधून. गावात काहीही बिघडलं की शनिवारच्या अंकापर्यंत मी एक माणूस हजर करतो. इथे मला कोणी सापडत नाही. तुझ्यापाशी मसुराएवढा का होईना, एक गुन्हेगार होता. त्याच्यावरच्या रागाने तू सकाळी उठायचीस, चूल पेटवायचीस. तो काढून घेतला तर पोर उगीचच गेली एवढंच तुझ्या हातात उरतं. बदली द्यायला माझ्याकडे काही नाही. तेव्हा हे तुला कळवत नाही.

यंदा वेल आत आला तेव्हा तुझ्या सुनेने कोयती आणून दिली. मी राहू दे म्हटलं. आज दोन दोडके काढले आणि काकूंच्या पडवीत गेलो. त्यांना आता फारसं दिसत नाही. दोडके हातात दिले आणि सांगितलं की किड्याने कावीळ होत नाही, जाणत्या माणसाला विचारलं आहे. त्या दोडक्याच्या शिरांवरून अंगठा फिरवत राहिल्या.

“नक्की ना रे?”

“नक्की.”

“मग पोर कशानं गेली?”

मला ठाऊक नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि बस म्हणाल्या. बसलो.

त्यांच्या हाती देण्याआधी एका दोडक्यावरचा पिवळा किडा मी झटकून टाकला होता. ते त्यांना सांगितलं नाही.