पंचावन्न नॅनोसेकंद

३ फेब्रुवारी

राजशेखर खोटं बोलतोय. सख्खा भाऊ!

दिवाळीत बाबांच्या प्लॉटची वाटणी झाली. पूर्वेची बाजू त्यानेच मला दिली — "अक्का, सूर्य तुझ्याकडे." तिथे दोन खोल्या बांधायच्या, भाड्याचं घर सोडायचं. रिटायर झाल्यापासून एवढंच डोक्यात. आणि आज म्हणतो, "परवाच तपासून घेतलं. तुझ्या बाजूला नुसता भराव. कातळ अठरा फुटांवर. पाया झेपणार नाही तुला. जागा मला दे, आमच्याकडे राहा की!" पुढ्यात रडारचा रिपोर्ट. जमिनीत लहर सोडतात, ती कातळावर आपटून परत येते, त्या वेळेवरून खोली काढतात. मशीन नंदीशचं — माझ्याच वर्गात शिकलेला!

४ फेब्रुवारी

गणित केलं. रिपोर्टात वेळ पंचावन्न नॅनोसेकंद. या मातीत लहर एका नॅनोसेकंदात दहा सेंटीमीटर जाते. झाले साडेपाच मीटर, अठरा फूट. पण हे जाऊन-येऊन! निम्मं कोण करणार? कातळ नऊ फुटांवर आहे. जन्मभर हेच फळ्यावर लिहिलं — आणि मला फसवतो? फिजिक्समध्ये?

५ फेब्रुवारी

त्याच्या घरी जाऊन तोंडावर "चोर" म्हणाले. त्याची बायको भुवनेश्वरी चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. तो म्हणाला, "खणून बघ की."

बघतेच!

८ फेब्रुवारी

जेसीबी लावला. नऊ फूट — माती. बारा फूट — विटांचे तुकडे, चपला, परत माती. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, अजून खाली? हितं काय पुरलंय का?"

माझं नाक, म्हटलं.

९ फेब्रुवारी

नंदीशला फोन केला. "मिस, वेळ मी आधीच निम्मी करून छापलीय. तुम्हीच कान पिळून शिकवलं होतं की!"

निम्म्याचं मी पुन्हा निम्मं केलं.

संध्याकाळी राजशेखरकडे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी माफी मागायला शिकवलं होतं, चौसष्टाव्या वर्षी उपयोगी पडलं. तो हसला. "असू दे अक्का. मग जागेचा कागद करू या ना?" हो म्हणाले. भुवनेश्वरीने शेंगाचटणी बांधून दिली. रिक्षात रडले.

१२ फेब्रुवारी

नंदीश पेढे घेऊन आला, मुलगी झाली त्याला. जाताना म्हणाला, "मिस, ती बाजू तुम्ही का घेतलीत? राजशेखर सरांना मी गणपतीतच सांगितलं होतं, तिकडे भराव आहे म्हणून."

गणपतीत. वाटणीच्या आधी!

राजशेखरकडे निघाले आहे. माफी परत घ्यायला.