बांध, उघाडी आणि नितेशचा बुडालेला बंगला

जोहे, माघ शुद्ध पंचमी

तीर्थरूप हिरामण मामांस,

जोह्याहून सुरभीचा नमस्कार. नमस्कार वाकून केलाय, पण पुढचा मजकूर ताठ मानेने लिहिलाय, हे आधीच सांगते. मामींचा गुडघा कसा आहे? तुमची सेकंड शिफ्ट संपली का? इकडे सगळे बरे आहेत. आई तुमच्या येण्याची वाट बघतेय, कारण रविवारी तुम्ही टेम्पो घेऊन येणार आणि तुमच्या नितेशचा जुना कॉम्प्युटर माझ्याकडून परत नेणार, असा तुम्हा भावाबहिणीचा ठराव झालाय. त्या ठरावाला माझं हे उत्तर. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही 'आधी माझं ऐक' म्हणता आणि मग शेवटपर्यंत तुमचंच ऐकावं लागतं. (पत्र शेजारच्या प्रणितच्या हाती देतेय, तो रोज रोह्याला तुमच्याच बाजूच्या कंपनीत जातो. वाटेत त्याने वाचलं तर वाचू दे.)

गेम खेळून कुणाचं भलं झालंय, असं तुम्ही आईला म्हणालात. मामा, मी दिवसभर कारखान्यात गणपतींच्या डोळ्यांची आखणी करते. एक बुबुळ जरा वर सरकलं की देव गिऱ्हाइकाकडे संशयाने बघायला लागतो, इतकं ते नाजूक काम. माघी गणपती कालच झाले, त्याआधीचा महिना मी मान वर केली नव्हती. तेव्हा संध्याकाळी घरी येऊन ठोकळ्यांच्या त्या खेळात मी चार टोपल्या माती टाकली तर कुणाचं काय गेलं? (नितेशचं गेलं, ते पुढे येईलच.) तुम्ही कंपनीत वॉल्व उघडता आणि बंद करता, त्याला नोकरी म्हणतात. मी घरी तेच करते, त्याला नाद म्हणतात. हा न्याय मला मान्य नाही.

आणि तो नुसता खेळ नाही. त्यात तारा ओढून दारं, पंप, घंटा जोडता येतात, पण कुठलं दार कधी उघडायचं हे ठरवायला डोकं लागतं आणि ते डोकं आपण बांधायचं असतं. त्याला तीन जोडण्या पुरतात. पहिली 'आणि'ची: आई आणि बाबा, दोघंही हो म्हणाले तरच सहलीला जायचं. दुसरी 'किंवा'ची: तुम्ही किंवा मामी, एकाने हो म्हटलं की झालं (मामीच म्हणायच्या). तिसरी उलटी जोडणी: आत जे जाईल त्याच्या बरोबर उलट बाहेर येतं. ती म्हणजे आमची सरू आत्या. बाबांची बहीण आहे म्हणून मी फार बोलत नाही, पण तिने 'आज पाऊस नाय' म्हटलं की आम्ही वाळत घातलेलं भात आत घेतो. 'पोरगी दहावीला निघत नाय' असं ती म्हणाली, तेव्हा आईने निकालाच्या आधीच पेढे सांगून ठेवले होते.

या तीन जोडण्यांवर मी काय उभं केलं ते ऐका. नितेश आणि मी एकाच जगात खेळतो, तो रोह्यातून, मी इथून. त्याने समुद्राला चिकटून स्विमिंग पूलवाला बंगला बांधला. मी आपलं खारीतलं शेत बांधलं. बाहेर समुद्र, मध्ये मातीचा बांध, बांधात उघाडी. (खार आणि उघाडी तुम्हाला सांगायला नको, पण प्रणितचं लहानपण पनवेलला गेलंय म्हणून लिहिते: खार म्हणजे खाडीचं पाणी बांधाने अडवून केलेली भातजमीन आणि उघाडी म्हणजे त्या बांधातलं झडपेचं दार. ओहोटीला शेतातलं पाणी त्याला ढकलून बाहेर जातं, भरतीला खाडीचं पाणी तेच दार दाबून बंद करतं.) खेळातल्या दाराला ढकललेलं कळत नाही, म्हणून मी जोडणी केली: शेतात पाणी साठलेलं असेल आणि भरती नसेल, तरच उघड. भरती कधी हे कळावं म्हणून चंद्रावरून तिथी मोजणारं यंत्र केलं. ते इतकं वाढलं की त्याच्यासाठी डोंगराच्या पोटात खोली खणावी लागली. आपल्या घरात पाहुण्यांना खोली नाही, पण माझ्या तिथीला आहे.

मग पौर्णिमा आली, म्हणजे खेळातली. मी उधाणाची वाट बघत बांधावर उभी. चंद्र वर आला, यंत्राने घंटा वाजवली, उघाडी शहाण्यासारखी बंद झाली आणि समुद्र बोटभरसुद्धा हलला नाही. नितेशला हसू आवरेना. त्याने मला समजावलं की ताई, या खेळात भरती-ओहोटी नसतेच. मामा, खरं सांगते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चंद्र आहे, समुद्र आहे आणि पाणी चढत नाही, असला समुद्र आपल्याकडे कुणी बघितलाय? ज्यांनी हा खेळ केला ते कुठल्यातरी कोरड्या गावचे असणार. चूक माझी नाही, समुद्राची आहे, आणि माझं हे म्हणणं आजही कायम आहे.

समुद्र आपणहून चढत नाही तर मी चढवणार, असं मी ठरवलं. पंपांची रांग लावली आणि तिथीयंत्र पंपांना जोडलं. पुढच्या पौर्णिमेला पाणी असं चढलं की मी खुर्चीतच उडाले. एवढंच झालं की भरतीची जोडणी पुरी केली आणि ओहोटीची उलटी जोडणी करायच्या आत आईने जेवायला हाक मारली. वालाचं बिरडं होतं, म्हणून जरा वेळ लागला. परत येऊन बघते तर नितेशचा बंगला गच्चीपर्यंत पाण्यात आणि त्याचा सोफा तरंगत माझ्या बांधाला येऊन लागलेला. पूल कुठे संपतो आणि समुद्र कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. तुझा पूल मोठा झाला, असं मी त्याला म्हटलं. ते त्याला आवडलं नाही. तो मामींकडे गेला, मामी आईकडे, आई तुमच्याकडे, आणि तुमचा ठराव झाला.

पण त्याने पुढे काय केलं ते घरी सांगितलं का? नसणारच. बंगल्यातलं पाणी उतरवायला त्याने माझ्या बांधाला खांड पाडली. सरळ मधोमध. पाणी त्याच्या बंगल्यातून निघालं आणि माझ्या भातात शिरलं.

इथे मला हसू येत नाही, मामा. तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या उधाणाला आपला खरा बांध असाच फुटला. तुम्ही आला होतात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तुम्हीही गोणी टाकल्या होत्या. शेत खारं झालं. गावकीच्या बैठका झाल्या, चहा झाला आणि खांड तशीच राहिली. बाबा त्यानंतर खारीत गेलेच नाहीत. त्या वाटेवरून जाताना मान दुसरीकडे वळवतात. मी किती वेळ खेळते हे सगळ्यांनी विचारलं, पण तेच शेत का बांधलं हे मला कुणीच विचारलं नाही. स्क्रीनवर ती खांड बघितली आणि मी रडले. पंचविशीची बाई ठोकळ्यांसाठी रडली, असं खुशाल सांगा रोह्यात.

बाबा मागे उभे होते. मला वाटलं, आता वायर उपटतात. ते म्हणाले, "मधनं नको भरू. दोन्ही कडांनी ये." स्टूल ओढून बसले. माती कुठे टाकायची, कुठे दाबायची, सगळं बोट दाखवून सांगत होते आणि माझा हात चुकला की च्यक् च्यक् करत होते. खांड बुजल्यावर त्यांनीच मला भरती सोडायला लावली. पाणी चढत आलं, बांधाला लागलं आणि थांबलं. शेत कोरडं राहिलं. सकाळी चहा झाल्यावर बाबांनी चपला घातल्या आणि खारीच्या वाटेला लागले. "कुठं गेले गो?" आईने विचारलं. मी म्हटलं, बांधावर. ती हातातलं लाटणं तसंच धरून दारात उभी राहिली.

तेव्हा कॉम्प्युटर मिळणार नाही. रागवायचं तर रागवा, मी ऐकून घेईन, पण खेळ सोडणार नाही. मामींना नमस्कार. नितेशला सध्या काही नाही.

तुमचीच (आणि हट्टीपणात तुमच्याच बहिणीवर गेलेली) भाची,
सुरभी

ता. क. कॉम्प्युटर हवाच असेल तर तो माझ्याकडे मागू नका. त्याच्यासमोर बाबा बसलेत. त्यांनी दुसरी उघाडी बसवायला घेतलीय. मला माऊसला हात लावू देत नाहीत आणि तिथीयंत्र संकष्टीची आठवण का करत नाही, असं विचारतात.

आणखी ता. क. टेम्पो मात्र रविवारी आणाच. रविवारी अष्टमी आहे, पाणी फार चढायचं नाही, म्हणून ओहोटी लागली की खऱ्या खांडीत माती टाकायला सुरुवात करायची असं बाबांनी ठरवलंय. ज्यांची ज्यांची शेतं त्या बांधाआड आहेत, त्या सगळ्यांच्या दारात ते जाऊन आले. काही हो म्हणाले, काही बघू म्हणाले. टेम्पोत कॉम्प्युटरऐवजी मुरूम भरू. येताना फावडी, घमेली आणि नितेश, एवढं घेऊन या. त्याने एक बांध फोडलाय, एक भरू दे.

शेवटचं ता. क. एका रविवारात हे होणार नाही, आणि झालं तरी पहिल्या उधाणाला टिकेल का, याच काळजीत मी काल दिवसभर होते. मग संध्याकाळी सरू आत्या आली. ओट्यावर बसली, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हा बांध काय या जन्मात उभा राहत नाय." तेव्हापासून मी निवांत आहे. आईने पेढे सांगून ठेवलेत.