अमृत गुरुजींच्या मृत्यूची तारीख

६ जानेवारी २०२५, सोमवार
नव्या वर्षाचा संकल्प थोडा उशिरा, पण पक्का. वाचनालयातली सगळी पुस्तकं होळीपर्यंत स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये. अध्यक्ष जगदीशभाऊ म्हणाले, गोकुळ, एवढं करून दाखव, तुला पर्मनंट करून टाकू. नाहीतर होळीनंतर तुझ्या गावी, खापरला परत जा, कमिटीला तुझा पगार परवडत नाही. दुसरं वाक्य ते सहज बोलले असावेत.
नवापुरात कोंबड्यांचे शेड गल्लोगल्ली आहेत. डिजिटल ग्रंथपाल एकही नाही. बारावी अर्धवट सुटली हे या कामात आड येत नाही. उलट डोकं मोकळं आहे.

९ जानेवारी
स्कॅनर आला. सुटी पानं भराभर ओढतो, बांधलेलं पुस्तक घेत नाही. लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्ये कटिंग मशीन आहे. पुस्तकांच्या पाठी तिथे कापून आणल्या. प्रेसवाल्याने विचारलं, परत शिवणार कोण? काही माणसं कागदातच अडकून राहतात.

१८ जानेवारी
जाकीर वकील रोज पेपर वाचायला येतात. आमचे एकमेव नियमित वाचक. म्हणाले, लेखकांना विचारलंस का? म्हटलं, बहुतेक वारलेले असतील. म्हणाले, बेटा, लेखक वारला तरी पुढे साठ वर्षं हक्क वारसांचा. जी प्रत कपाटात आहे तिची एक डिजिटल कॉपी जपण्यासाठी ठेव, त्याला कायद्याची हरकत नाही. इंटरनेटवर टाकलंस तर मात्र मला सांग. बऱ्याच दिवसांत मोठी केस नाही मिळाली.
चहा माझाच प्यायले.
झोप नाही. नवा संकल्प: प्रत्येक लेखकाच्या मृत्यूची तारीख मिळवणे. सुरुवात गावापासून. अमृत गुरुजी इथलेच, त्यांची एकच कादंबरी आहे. भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो आहे. खाली तारीख नाही. केवढा हा बेजबाबदारपणा.

२६ जानेवारी
झेंडावंदन उरकून गुरुजींच्या दारावर, म्हणजे सांत्वनाला बसायला, गेलो. गुरुजी गेले त्या वेळी मी नवापुरात नव्हतो, तेव्हा वाचनालयाच्या वतीने बसणंही होईल आणि तारीखही मिळेल, असा विचार. डोक्याला पांढरा रुमाल बांधला. ओट्यावर मान खाली घालून बसलो. अशा घरी आपण आधी बोलायचं नसतं. गायत्रीवहिनींनी, म्हणजे गुरुजींच्या सुनेने, चहा आणला. अशा घरी चहाही घ्यायचा नसतो, म्हणून हात जोडले. वहिनींचे डोळे कोरडे. माणसं किती लवकर विसरतात.
मग आतून एक म्हातारे आले. माझ्याशेजारी तेही मान खाली घालून बसले. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाले, कोन वारनं रे भाऊ?
म्हटलं, अमृत गुरुजी.
म्हणाले, कव्हय? माले तर कोनी सांगंच नही.
वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. चौकशीअंती कळलं की तो हार सत्काराचा होता आणि कोणी काढलाच नाही. चूक फोटो लावणाऱ्याची.
तरी मी कामाचं बोललो. तुम्ही गेल्यावर साठ वर्षं थांबावं लागेल, हा नियम समजावला. गुरुजी म्हणाले, माले काही घाई नही, तुले शे का? आणि तिथेच परवानगी लिहून दिली: कोणालाही वाचायला द्या. एवढंच म्हणाले, माझ्या प्रती वाळवीने खाल्ल्या, तुमच्याकडची एवढी एकदा हातात दे. म्हटलं, देतो. ती कापलेली आहे हे सांगायची ती वेळ नव्हती.

२० फेब्रुवारी
स्कॅनिंग पूर्ण. मशीन कधीकधी दोन पानं एकदम ओढतं, हे आज लक्षात आलं. गुरुजींच्या कादंबरीत नायकाच्या मरणाचं पान राहिलं. आता तो नांगरट करतो आणि पुढच्या पानावर त्याचं दहावं असतं. तपासलं नसतं तर कोणाला कळलं नसतं. पुन्हा स्कॅन करायचं आहे. सवडीने.

७ मार्च
जगदीशभाऊ आले. सुट्या पानांचे गठ्ठे पाहून म्हणाले, सगळं आत गेलं ना? अभिमानाने म्हटलं, सगळं. ते म्हणाले, मग ही कचराकुंडी कशाला? दुपारी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. म्हणाला, पानं सुटी असल्याने भरायला सोपं गेलं. या प्रकल्पाचं हे पहिलं कौतुक.

८ मार्च
जाकीर वकील रिकामी कपाटं पाहत उभे राहिले. म्हणाले, कागदी प्रतच नाही, मग डिजिटल कॉपी कशाच्या जोरावर ठेवणार?
विचार केला. मुद्दा बरोबर आहे. उद्या कोणी नोटीस पाठवली तर नाव माझं येणार. एकेक फाइल डिलीट केली, मग रिसायकल बिनही रिकामा केला. गुरुजींची ठेवली, कारण परवानगी लेखी आहे.
वकिलांना कळवलं. त्यांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, अरे, मी फक्त विचारलं होतं.
वाचनालय आता कायद्याने शंभर टक्के निर्दोष आहे.

१२ मार्च, उद्या होळी
कमिटीची मीटिंग. जगदीशभाऊ म्हणाले, गोकुळने शब्द पाळला, पुस्तकं खोलीतून गेली. खोली आता त्यांच्या मेहुण्यांना कोंबडीखाद्याच्या गोदामाला. पर्मनंटचं विचारलं. म्हणाले, वाचनालयच नाही तर पर्मनंट कशात करू, भाऊ? पण सत्काराशिवाय सोडणार नाही.
सत्कार झाला. हार, नारळ, फोटो. प्रिंट लगेच काढून आणली आणि हारासकट गुरुजींच्या फोटोशेजारी लावली.
गुरुजी आले होते. प्रत हातात देता आली नाही, म्हणून कादंबरी त्यांच्या मोबाईलवर पाठवली होती. मरणाचं पान राहिलेली ती तशीच वाचून आले होते. म्हणाले, मन्हा माणूस मरना बी नही, आनि तू त्याना बी दारवर बसी उना. मग माझा फोटो निरखून विचारलं, तुन्हा साठ वरीस आजपाईन मोजू का?
जाकीर वकील हसले. मी हसलो नाही, कारण मुद्दा महत्त्वाचा आहे.
खापरची बस सकाळी आहे. निघण्यापूर्वी माझ्या फोटोखाली आजची तारीख सुवाच्य अक्षरात लिहिली. तारीख नसली की पुढे लोकांचा गैरसमज होतो.