फर्मान, किटली आणि सुनेचा वाटा

बिश्केकहून, जेवणाच्या सुट्टीत

वडीलधाऱ्या बुरुलताईला धाकट्या एसेनकुलचा वाकून सलाम. दाजींना सलाम, आणि त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यालाही. कोकरं धडधाकट असावीत, लाल घोडी दूध देत असावी, आणि शेजारणीशी तुझं भांडण मिटलं असावं (नसेल मिटलं तर चूक तिचीच). तू पाठवलेले दह्याचे वाळके कुरुत पोचले. दात अजून शाबूत आहेत, पण पुढच्या खेपेला जरा कमी वाळव. माझं उत्तम चाललंय. काळजीपोटी शहरात धावत येऊ नकोस. दाजींचा गुडघा आणि घाटातला रस्ता, दोघांचाही भरवसा नाही.

राष्ट्राध्यक्षांच्या फर्मानाची बातमी रेडिओवर ऐकलीच असशील. आमचं कुरणे, पाणी व हवामान मंत्रालय आता राहिलं नाही. परत? असं तू विचारशील. हो, परत. मागं एकदा कुरणं जंगलखात्यात घातली, मग तिथून काढून शेतीत घातली, शेतीशी पटेना म्हणून पाण्याशी पाट लावून दिला, आणि आता पाण्याशीही काडीमोड. दारावरच्या पाट्या इतक्यांदा बदलल्या की भिंतीत खिळा धरेल अशी जागा उरलेली नाही. हल्ली पाटी दोरीनं दाराच्या मुठीला बांधतात. पण इतक्या उलथापालथीत माझं टेबल त्याच खोलीत, त्याच खिडकीशी राहिलं, आणि समोरच्या टेबलाशी पाणी विभागाच्या साल्कीनबाई. त्यांच्याबद्दल मागं कधीतरी लिहिलं होतं. (दर पत्रात लिहितो असं तुझं म्हणणं. असू दे.)

तर या फर्मानानं पाणी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणार, हवामान आणखी कुठं, आणि कुरणं इथंच. किटलीचं काय, हे मात्र फर्मानात नाही. किटली साल्कीनबाईंची, पण तिला गाळ धरलाय तो आम्हा दोघांच्या चहाचा. नवरा गेल्यावर त्यांनी ती घरून आणली; एकटीसाठी किटली ठेवायला जिवावर येतं, म्हणाल्या. त्यानंतर वर्षाच्या आत माझी गुलसारा गेली, आणि त्यांनी माझाही पेला मांडायला सुरुवात केली. आपल्या रीतीप्रमाणे अर्धाच भरतात, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येतो. फर्मान आलं त्या सकाळी मात्र पेला काठोकाठ भरला. ताई, काठोकाठ! भरलेला पेला म्हणजे ‘प्या आणि निघा’! रुसून मी वर पाहिलं, तर बाई पेल्याकडे बघतच नव्हत्या. खिडकीबाहेर बघत होत्या आणि चहा टेबलावरून माझ्या विजारीवर येत होता.

मग निरोपाची मेजवानी. मेंढा कापला, आणि मांस वाटायला मला बसवलं. आता वाटप म्हटलं की माणसागणिक हाड ठरलेलं, हे तुला काय सांगायचं. पण फर्मानानं जुनी पदं रद्द झालेली, नवी अजून जाहीर व्हायची. म्हणजे त्या दुपारी त्या टेबलाशी कुणालाच पद नव्हतं. खुब्याचं मानाचं हाड द्यायचं कुणाला? दोघे माजी उपमंत्री ते ताट एकमेकांकडे ढकलत बसले. छे छे, तुम्हीच घ्या. अहो, तुमच्यासमोर मी कसं? (उद्या कोण कुणाचा साहेब होईल कुणास ठाऊक, म्हणून हा विनय.) मांसावर चरबी थिजायला लागली. मला घाम फुटला. सगळे ओरडायला लागले, अरे वाट की! आणि त्या घाईत, वयानं आणि मानानं शेपटीकडचा तुकडा द्यायचा तो सोडून, मी साल्कीनबाईंपुढे छातीचा तुकडा ठेवला.

छातीचा, ताई! सुनेचा वाटा! अख्ख्या मंत्रालयाच्या देखत, पन्नाशी उलटलेल्या बाईला! सगळ्यांच्या माना वळल्या. एक उपमंत्री तर खुब्याचं हाड हातात धरून तसाच थांबला. मला वाटलं, आता ताट माझ्या अंगावर येणार. साल्कीनबाईंनी तुकडा उलटसुलट करून पाहिला, चाकू पुसला आणि खायला लागल्या. सावकाश, हाड कोरडं होईपर्यंत. निघताना किटली माझ्या टेबलावर ठेवून गेल्या आणि जाता जाता काहीतरी म्हणाल्या. ते पुन्हा कधीतरी लिहीन.

बाकी सर्व क्षेम. खोली आता मोठी वाटते. चहा मीच करतो आणि सवयीनं दोन पेले मांडतो, त्यामुळे एक गार होतो. विशेष काही नाही.

तुझा धाकटा,
एसेनकुल

ता. क. त्या म्हणाल्या ते असं : “सुनेचा वाटा वाढलात, एसेनकुल, पण वाढायला ना सासू, ना नणंद. असं कुठं असतं का?” आई तर नाही. नणंद तूच. तुझ्या पेटीत तळाशी आईची चांदीची कर्णफुलं आहेत. मागणीच्या वेळी ती त्यांच्या कानात घालायला आपल्याकडची वडीलधारी बाई लागते, हे मी तुला सांगायला हवं का? गुलसारा मला हसत असेल. हसू दे, तिनं हसलेलं मला नेहमीच आवडायचं.

पुन्हा ता. क. वर ‘येऊ नकोस’ लिहिलंय ते खोड. दाजींचा गुडघा गाडीत पुढच्या सीटवर बसव. आणि आत्ताच कळलं, म्हणे नवं फर्मान निघतंय. पाणी आणि कुरणं पुन्हा एक होणार, साल्कीनबाई सोमवारी समोरच्या टेबलाशी परत येणार. झाली एकदाची अडचण दूर, असं म्हणून थांबू नकोस. तरीही ये.