चौसष्ट ठिपक्यांचा अ

९ मार्च १९८७, सोमवार. परंडा.
कॉम्प्युटर आला! उस्मानाबादहून जीपमध्ये, दोन वाकळांत गुंडाळून. तालुक्यात तो चालवता येणारा माणूस एकच. पुण्याला दहा दिवसांचं ट्रेनिंग घेतलेला. नाव लिहीत नाही, वही माझीच आहे.
कॉम्प्युटरची सरकारी योजना नववीसाठी आहे. पण नववीची पोरं म्हणजे वाळलेलं मडकं. पहिला प्रश्न काय, तर सर, ह्याच्यात पिक्चर दिसतो का. माती ओली आहे तोवरच आकार द्यायला हवा. म्हणून ठरवलं, बालवाडी! चाळीस दिवसांत बालवाडीची लेकरं मराठी वाचायला लागतील. मग पुण्याच्या सेमिनारमध्ये निबंध. निबंधाचं नाव ठरलं आहे. निबंध नंतर.
संकल्प : पहाटे पाचला उठणे. चहा दोनच कप. चिडायचं नाही.
सत्यभामेचं म्हणणं, आपली शिवकांता पहिलीत जाऊन नऊ महिने झाले, तिला अजून अक्षर ओळखू येईना, तिच्याकडं बघा. बायकांना मोठं चित्र दिसत नाही. शिवकांताचंही ह्याच चाळीस दिवसांत होऊन जाईल. वेगळी मेहनत कशाला?

११ मार्च, सकाळी ७.४०
पाचला उठलो नाही. काल उशीर झाला.
अडचण : मशीनला मराठी येत नाही. उपाय मीच काढला. ग्राफपेपरवर आठ बाय आठ चौकटी, म्हणजे चौसष्ट ठिपके, त्यातले हवे तेवढे पेटवायचे. अ तयार! तीन कप चहा लागला.
सत्यभामेला कागद दाखवला. म्हणाली, खेकडा छान काढलाय. क दाखवला. म्हणाली, हा तोच खेकडा, पालथा पडलेला.
तिला टेक्नॉलॉजी कळत नाही, त्यात तिचा दोष नाही.

१४ मार्च, शनिवार
शुभारंभ. समाजमंदिरात बालवाडी चालवणाऱ्या चांगुणाबाई सहा लेकरं घेऊन आल्या. कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली, मशीनचा प्रोग्रॅम तिच्यावरच असतो. सात मिनिटं किर्र-चिर्र होते, मग अ येतो. सहाही लेकरांनी तो आवाज हुबेहूब काढून दाखवला. ग्रहणशक्ती! एकानं सतरंजी ओली केली. नोंद घेतली नाही.
चांगुणाबाईंनी विचारलं, सर, ह्यात गोष्ट हाय का एखादी? म्हटलं, आधी पाया, गोष्टी मागाहून. त्या व्हय म्हणाल्या आणि दाराशी बसून एका लेकराचा शेंबूड पुसू लागल्या. जुनी पद्धत.
खोली फार तापते. मशीनला गारवा पाहिजे असं पुस्तकात छापलं आहे. हेडमास्तर भीमाशंकर सरांनी टँकरवाल्याला सांगून रोज चार घागरी लावून घेतल्या. दोन खिडकीवरची पोती भिजवायला, दोन कोपऱ्यातल्या माठात, राखीव. शाळेत दुसरीकडं पाण्याचा थेंब नाही, विहीर जानेवारीतच आटली. पण विज्ञानासाठी काहीतरी सोसावं लागतंच.

२० मार्च, दुपारी १२.३०
आकडे बोलतात. शनिवारी सहा, मंगळवारी सतरा, आज एकतीस! मी कुलूप उघडायच्या आधी दारात रांग. काही तर बालवाडीची नाहीत, पार वेशीपलीकडून येतात. ज्ञानाची तहान म्हणतात ती हीच.
शिस्त लावली आहे : आत आल्यावर आधी एकेक पेला पाणी, मग पंख्याखाली बसायचं, मग अ. पहिला भाग सगळ्यांना चटकन जमला.
शिपाई बिराप्पा म्हणतो, सर, लेकरं गार पाण्याला येतेत. बिराप्पा चौथी नापास आहे.

२७ मार्च
तीन दिवस टँकर नाही. हजेरी : चार. त्यात शिवकांता धरून. पालकांची अनास्था! ह्या देशात प्रयोग करणं कठीण आहे.
त्यात मथुराबाई येऊन उभ्या. रोजगार हमीवर खडी फोडतात, नात माझ्या प्रयोगात आहे. विचारतात कशा, सर, ती मशीन पाणी पिती व्हय? म्हटलं, पीत नाही, तिला गारवा लागतो. तर म्हणाल्या, गारवा तर आमाला बी लागतोय की. पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेतलं, माठाच्या तळाशी राहिलेलं तांब्यात ओतून घेतलं आणि गेल्या.
रागावलो नाही. (संकल्प क्र. ३.)

२ एप्रिल, सकाळी ६.५०
टँकर आला. हजेरी अठ्ठावीस. पालकांत जागृती होते आहे, माझ्या समजावण्याचा परिणाम.
मोठी बातमी : शिवकांता पाटीवर अक्षर काढायला लागली! रेघ ओढत नाही, पेन्सिलीनं एकेक ठिपका देते. टक टक टक. वर्गशिक्षकांची तक्रार आली, तुमची मुलगी पाटीला भोकं पाडायला बसली आहे. त्यांना काय सांगणार? हे उद्याच्या जमान्याचं हस्ताक्षर आहे. मशीन जसा विचार करतं तशी माझी मुलगी विचार करते. निबंधात घेणार.
 सत्यभामेनं शिवकांताच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि तिला कडेवर घेऊन बाहेर गेली. सहा वर्षांच्या मुलीला कडेवर!

६ एप्रिल
शिक्षणाधिकारी साहेब अठरा तारखेला स्वतः प्रयोग बघायला येणार. हेडमास्तरांनीच बोलावलंय. जेवण गेलं नाही. रंगीत तालीम रोज. आज तालमीत लाइट दोनदा गेली, कॅसेट तीनदा अडकली. लेकरांनी लाइट नसताना तोंडानंच किर्र-चिर्र करून प्रोग्रॅम चालू केला. उत्साह दांडगा.
तापल्या पत्र्यासारखं ऊन. बसवत नाही. खोलीत फेऱ्या मारतो. बिराप्पा म्हणाला, सर, टेका की जरा. वेळ कुठं आहे?

१५ एप्रिल
सत्यभामेनं विचारलं, शिवकांताला नेमकी किती अक्षरं येतात, तुम्ही विचारलंय का? विचारायला मशीन आहे. शंका घेणाऱ्यांकडून इतिहास घडत नसतो. आज चहा सहा कप. ते वेगळं.

१८ एप्रिल, शनिवार, दुपारी ३
जे झालं ते क्रमानं लिहितो.
लाइट होती. कॅसेट पहिल्या झटक्यात चालली. एकतीस लेकरं, साहेब खुर्चीवर, हेडमास्तर उभे, दाराशी चांगुणाबाई आणि सत्यभामा. पडद्यावर अ. साहेबांनी विचारलं, हे काय आहे बाळांनो? एकतीस जण एका सुरात म्हणाले, खेकडा!
घरातलं दारात जातं ते असं. सत्यभामेनं हा शब्द शिवकांतासमोर काढायला नको होता.
साहेब हसले. खडूनं फळ्यावर साधा अ काढला, हे? कुणी बोलेना. खिडकीतून प्रकाश चुकीचा पडत होता, हे मी नमूद करत होतो, तेवढ्यात साहेबांनी शिवकांताला पुढं बोलावलं. म्हणाले, बेटा, तुझं नाव लिही.
तिनं खडू घेतला. एक ठिपका दिला. मग दुसरा. मग तिसरा, थोडा खाली.   बराच वेळ ती ठिपके देत राहिली. मग तिची वरची ओळ संपली बहुतेक, कारण ती थांबली आणि वळून माझ्याकडं बघायला लागली.
मी म्हणालो, पुढची ओळ.
तिनं खडू खाली ठेवला. सत्यभामेनं येऊन तिला नेलं.
साहेब जाताना म्हणाले, मशीन नववीसाठी आहे, किल्ली हेडमास्तरांकडं द्या. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर उत्तर देता आलं असतं.

२२ एप्रिल
किल्ली गेली. चार घागरी बंद. तरी सकाळी नऊ-दहा लेकरं कुलपासमोर उभी होती. बघून भरून आलं. म्हटलं, बाळांनो, कॉम्प्युटर बंद झाला. मथुराबाईंची नात म्हणाली, आन् माठ?
बिराप्पा माझ्याकडं न बघता झाडत राहिला.
तसाच समाजमंदिरात गेलो. चांगुणाबाईंना ठणकावून विचारायचं होतं की लेकरांची पूर्वतयारी का करून घेतली नाही. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर शिवकांता! फाटकं गोष्टीचं पुस्तक, शब्दाखाली चांगुणाबाईंचं बोट, बोटावर शिवकांताचं बोट. सत्यभामाच आठवडाभर आणून सोडते म्हणे. मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असेल तर ऐकू आलं नसेल, गडबडीत होतो.
चांगुणाबाई म्हणाल्या, सर, हिला मशीन नको, आन् मी बी लई दिस नको. रोज पाव घंटा तुमी मांडीवर घिऊन बसा. पुस्तक कंचं बी चालतंय.
मी माझ्या कामाचा व्याप सांगितला. त्या व्हय म्हणाल्या आणि पान उलटलं.

१ मे
निकाल. शिवकांता दुसरीत ढकलली. वर्गशिक्षकांनी तोच शब्द वापरला.
निबंधाचा कागद हरवला आहे. शोधला नाही.

३ मे, रविवार, सकाळी ८.०५
आजपासून पाव तास. तक्ता केला आहे, ग्राफपेपरवर, महिन्याचे तीस चौकोन. महिन्याभरात पुस्तक संपेल. पद्धत यशस्वी झाली तर पुण्याला कळवता येईल.

तोच दिवस, ८.३०
बसलो. शिवकांता मांडीवर नीट टेकेना, ताठच बसली. सवय नाही तिला. शब्दाखाली बोट ठेवलं. ती एक अक्षर बघून तोंडातल्या तोंडात म्हणायची, मग दुसरं. मला पुढचं दिसत होतं, मी सांगून टाकायचो. मग पान उलटलं. तिनं ते परत मागं उलटलं. म्हणाली, माझं व्हायचंय अजून.
पेन्सिलीला टोक करायला उठलो. परत बसलो. पाणी प्यायला उठलो. लाइट आली का बघायला उठलो. परत आलो तेव्हा ती तिथंच होती, शब्द सुटू नये म्हणून त्याच्यावर बोट दाबून धरलं होतं. म्हणाली, बाबा, तुमचं काम असंल तर जावा. मी बोट ठिवते.
म्हटलं, आजचा पाव तास झालाच आहे. बाहेर येऊन घड्याळ बघितलं. चार मिनिटं झाली होती.
तक्त्यावर फुली मारायला बसलो, मग वाटलं आधी इथं लिहावं. लिहिण्यात नऊ मिनिटं गेली. ती आत अजून त्या शब्दावर बोट ठेवून बसली आहे.