पान दोनशे बारावर आबा गेले

चिंचखेडे (सावद्याजवळ),
चैत्र वद्य दशमी

तीर्थस्वरूप दाजी श्री. अभिमन यांस शालिग्रामचा शिरसाष्टांग नमस्कार.

(एरवी मी 'ती. स्व.' एवढ्यावरच भागवत असे. पण सध्याच्या वातावरणात तुमच्या नावाजवळ 'स्व.' लिहायची माझी छाती नाही, म्हणून शब्द पुरा लिहिला आहे. 'श्री.'खाली दोन रेघाही मारल्या आहेत, पोस्टमनलाही दिसाव्यात म्हणून.)

इकडे सर्व क्षेम. आपली प्रकृती ठणठणीत असेल अशी आशा करायची रीत आहे, पण मला आशेची गरज नाही, खात्रीच आहे. मागच्या सोमवारी आपण फोनवर मला जे काही बोललात त्याला छातीत चांगला दम लागतो. पाऊण तासात एकदासुद्धा खोकला नाही. देव आपला आवाज असाच राखो. त्यानंतर तुम्ही आणि अक्काने माझा नंबर ब्लॉक केला, म्हणून हा पत्राचा खटाटोप. पाकीट घ्यायला पोस्टात गेलो तर तिथला कारकून म्हणाला, "नाना, पाकीट कशाला, व्हॉट्सॲप करा ना." त्याला म्हटलं, बाबा रे, व्हॉट्सॲप केलं म्हणूनच पाकीट लागतंय.

तर दाजी, तुमच्या मरणाची बातमी कशी पसरली हे एकदा माझ्या बाजूनेही ऐका. फाशीच्या कैद्यालासुद्धा बोलू देतात, मी तर तुमचा सख्खा शालक. त्यात अक्काने निरोप धाडलाय की ती यंदा आखाजीला, ऐन अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी पाऊल ठेवणार नाही. शेहेचाळीस वर्षांत (करोनाचं वर्ष सोडा) तिची एक आखाजी चुकली नाही. पायाला प्लास्टर होतं त्या वर्षी प्लास्टरसकट आली आणि त्याच पायाने माहेरवाशिणींचा आखाजीचा झोका घेतला. ती आली नाही तर आमच्या घरात कैरीचं पन्हंसुद्धा आंबट लागेल. म्हणून मन शांत ठेवून वाचा, आणि कृपा करून शेवटपर्यंत वाचा. सगळा घोटाळा लोक शेवटपर्यंत वाचत नाहीत याचाच आहे.

आमची सून मयुरी जळगावच्या कॉलेजात शिकवते हे तुम्हाला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी तिने ऑनलाइन वाचक मंडळ काढलं आणि घरात रिकामा मीच दिसलो म्हणून मला त्याचा अ‍ॅडमिन केलं. नाव मी ठेवलं, 'शब्दकेळी'. (शिकलेल्यांना वाटतं केळी म्हणजे क्रीडा, आमच्या गावाला वाटतं केळी म्हणजे केळी. दोघेही खूश.) सभासद त्रेचाळीस. महिन्याला एक पुस्तक आणि रविवारी पाच वाजता मोबाइलवर चर्चा. चर्चा कशी, तर पहिली वीस मिनिटं 'आवाज येतोय का' यावर एकमत होण्यात जातात. अर्ध्या लोकांचा चेहरा दिसतो, अर्ध्यांच्या घरचा पंखा. मग निवृत्त मुख्याध्यापक प्रेमराज गुरुजी घसा साफ करून सांगतात की लेखकाने समाजाला आरसा दाखवला आहे. हे त्यांनी आजवर सोळा पुस्तकांबद्दल सांगितलं, त्यातलं एक मधुमेहींच्या आहाराचं होतं. नंतर भुसावळच्या लताबाई बोलतात. त्यांचं तोंड हलतं पण आवाज येत नाही, आणि आवाज येतो तेव्हा तो कुकरचा असतो. मग सगळे हात जोडतात आणि पडदा काळा. ना मतभेद, ना भांडण, ना कुणाला राग. मी मयुरीला म्हणालोसुद्धा, पोरी, मयताच्या घरी याच्यापेक्षा जास्त बोलतात. (हे तेव्हा सहज तोंडातून गेलं होतं. पुढचं मला काय माहीत!)

मयुरीने कुठेतरी चर्चा रंगवायचे उपाय वाचले आणि आम्ही ते एकामागून एक करून पाहिले. आधी ठरलं की एकाने पुस्तकातल्या वाईट माणसाची बाजू घ्यायची. लताबाईंच्या वाट्याला छळवादी सासू आली. त्यांनी सासूची बाजू अशी काही घेतली, अशी घेतली, की त्यांची स्वतःची सून ग्रुप सोडून गेली. मग ठरलं की पुस्तकात जो पदार्थ असेल तो करून सगळ्यांनी पडद्यासमोर खात खात बोलायचं. पुस्तक होतं हिमालयाच्या प्रवासाचं, तिथलं खाणं आपल्याकडे कुणाला करता येतं? सर्वांनी शेवभाजी केली. चाळीस मिनिटं नुसते भुरके ऐकले, साहित्य कुणाच्या घशाखाली उतरलं नाही. शेवटी मयुरी म्हणाली, "नाना, पात्रं जिवंत करा. ती आपल्या घरातलीच माणसं आहेत अशी बोला त्यांच्याबद्दल." दाजी, माझी चूक एवढीच की मी सुनेचं ऐकलं. ती म्हणाली पात्रं जिवंत करा, आणि माझ्या हातून जिवंत माणूस गेला.

या महिन्यात चारशे पानांची कादंबरी होती, विहिरीच्या पाण्यावरून भांडणाऱ्या गावाची. त्यातल्या म्हाताऱ्याचं नाव अभिमन आबा. (नाव लेखकाने ठेवलं, मी नाही. त्या लेखकाला तुम्ही ठाऊकही नाही.) पंधरा दिवस झाले तरी ग्रुपवर कुणी चकार शब्द काढीना. मी दोनशे बारा पानांपर्यंत आलो, तिथे आबा गेले, आणि मला खरोखर वाईट वाटलं. म्हटलं, एवढा मोठा माणूस जातो आणि त्रेचाळीस माणसांच्या डोळ्यांतून टिपूस नाही? लगेच मेसेज लिहिला. 'कळवण्यास अत्यंत दुःख होते की आपल्या सर्वांचे लाडके अभिमन आबा गेले.' पुढे त्यांचा स्वभाव, त्यांचं गावासाठी झटणं, त्यांची काठी, हे सगळं मन लावून लिहिलं. आणि अगदी तळाला लिहिलं, 'पान दोनशे बारा. कुणाच्या लक्षात आलं का? रविवारी पाचला बोलू.'

आता मोबाइलची खोड अशी की लांब मजकूर तो पुरा दाखवत नाही. मध्येच तोडतो आणि खाली निळ्या अक्षरांत 'आणखी वाचा' असं लिहितो. माझं पान दोनशे बारा त्या निळ्या अक्षरांखाली गाडलं गेलं. तुम्हीच सांगा दाजी, त्रेचाळीस माणसं, सगळी वाचक मंडळाची, आणि 'आणखी वाचा'वर एकानेही बोट ठेवू नये?

पण बोटं चालली, दुसरीकडे चालली. दहा मिनिटांत सदतीस जणांची 'भावपूर्ण श्रद्धांजली'. जिथे दोन वर्षांत एका वेळी तीन उत्तरं आली नाहीत तिथे हा पूर! मला वाटलं कादंबरी लागली लोकांना. डोळे भरून आले. (आणि इथे मात्र माझं चुकलं, ते कबूल करतो.) मी प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर दिलं, 'आभारी आहे, आपल्या भावना पोहोचल्या.' प्रेमराज गुरुजींनी तर तीनशे शब्दांचा लेख टाकला. आबांशी आपला चाळीस वर्षांचा स्नेह, आबा थोडे हेकट पण मनाने निर्मळ, आबांनी समाजाला आरसा दाखवला. मी म्हटलं वा, गुरुजी कादंबरीत किती खोल शिरले! लताबाईंनी विचारलं, दारावर सांत्वनाला कधी जायचं? मला वाटलं, ही बाई पात्र जिवंत करतेय. मी लिहिलं, 'रविवारी पाच वाजता, लिंक टाकतो.'

लताबाईंचं माहेर धुळ्याचं, आणि धुळ्यात अभिमन आबा म्हटलं की देवपुरातलं पोरगंसुद्धा तुमच्या ओट्याकडे बोट दाखवतं. पुढचं तुम्हाला मी काय सांगावं! पण माझ्यापर्यंत आलं ते असं, की तुम्ही ओट्यावर दाढी करत बसला होता आणि रिक्षातून चार जण पांढऱ्या टोप्या घालून उतरले. तोंडाला फेस असल्याने त्यांनी तुम्हाला ओळखलं नाही आणि तुम्हालाच विचारलं, "कसं झालं हो?" अक्का बाजारातून भाजी घेऊन आली तर दारात बायका रडताना दिसल्या. तीही पिशवी खाली ठेवून रीतीप्रमाणे आधी पोटभर रडली आणि मग विचारलं, कोण गेलं म्हणून. उत्तर ऐकून तिचं काय झालं असेल ते मला कळतं दाजी, म्हातारा झालो तरी भाऊच आहे मी तिचा. सगळं गाव दारात जमल्यावर तिचा फोन आला तो अजून कानात आहे. "बठ्ठं गाव दारशी उनं, आन तू लिंक टाकस!" मागून तुमचा आवाज येत होता, "त्याले सांग, मी जित्ता शे! आन हेकट कोन, ते बी इचार!" (हेकट हा शब्द गुरुजींचा. पण तो ऐकल्यावर माणसाने आख्ख्या सासुरवाडीला ब्लॉक करावं, यावर मी काही बोलत नाही.)

दुसऱ्याच दिवशी मी ग्रुपवर जाहीर खुलासा टाकला, 'अभिमन आबा सुखरूप आहेत.' या वेळी एकाच ओळीत, कुठे तुटायला नको म्हणून. त्यावर प्रेमराज गुरुजींनी लिहिलं, 'ईश्वरेच्छा.' आणि लताबाईंनी विचारलं, आखाजी आलीच आहे, आबांची घागर यंदा नवी भरायची ना? गेलेल्या माणसाच्या नावाची पहिली घागर आखाजीला भरतात हे त्यांना बरोबर आठवलं, माणूस गेलेला नाही हे कालच वाचलेलं आठवलं नाही. असे आमचे वाचक. तर आता तुम्हीच न्याय करा. अर्धं वाचून बोंब मारणारे ते, आणि दोषी मी? अक्काला एवढं समजावून सांगा. माझं ती ऐकत नाही, तुमचंही ऐकत नाही हे मला माहीत आहे, पण रागात असली की निदान तुमच्याशी बोलते तरी.

घरातल्या लहानांस आशीर्वाद, अक्काला साष्टांग दंडवत. (धाकट्या भावाने बहिणीला दंडवत घालायची रीत नाही, पण या वेळी घालून ठेवतो.)

आपला,
शालिग्राम

ता. क. वरचं सगळं खरं आहे, पण थोडं राहिलं. तुमच्या घरात एवढ्यात कुणी चारशे पानी पुस्तक घेऊन बसलेलं दिसलं का? आपल्या नवऱ्याला ज्याच्या नावावर मारलं तो मेला आहे तरी कोण, हे पाहायला अक्काने ते वाचनालयातून आणलं आणि आठ दिवसांत संपवलं. मयुरीला तिने ब्लॉक केलेलं नाही. काल तिला फोन करून माझ्यासाठी एवढंच सांगितलं, "त्याले म्हना, पान उलटाडी दख."

ता. क. दुसरा. पान उलटून पाहिलं. दोनशे बाराच्या तळाशी छापलंय, 'आणि त्या पहाटे अभिमन आबा गेले'. दोनशे तेराच्या माथ्यावर आहे, 'ते थेट मुलीच्या गावाला, पाटीभर आंबे घेऊन.' म्हातारा पुढे चारशे पानांपर्यंत धडधाकट आहे. 'गेले'नंतर पूर्णविराम नव्हता, हे मला आता दिसलं. त्या दिवशी मळ्यात केळीचे घड न्यायला गाडी आली, मी पुस्तक मिटलं आणि थेट मेसेज लिहायला बसलो. ग्रुपमध्ये ही गोष्ट मयुरीशिवाय कुणाला माहीत नाही, आणि त्रेचाळिसातल्या एकालाही ती आपोआप कळायची भीती नाही.

ता. क. तिसरा, आणि कामाचं हेच. आखाजीनंतरच्या रविवारी मला सगळ्यांसमोर हे कबूल करायचं आहे. एकट्याने होणार नाही. शब्दकेळीचं पुस्तक पुरं वाचलेलं माणूस जगात एकच आहे आणि ते मंडळात नाही, तुमच्या स्वयंपाकघरात आहे. ती चर्चा अक्काने चालवावी. तिने मला हवं ते बोलावं, पण माझ्या शेजारी बसून बोलावं. ती 'नाही' म्हणेल. तिला आग्रह करू नका, काही समजावूही नका, वर न्याय करा म्हणालो तेही सोडा. फक्त आखाजीला सकाळी तुमची एकट्याची पिशवी भरा आणि जळगावच्या गाडीला निघा. तिच्या माहेरी तिच्याशिवाय तुम्ही झोका घ्यायला निघालात हे ती फाटकापर्यंतच सहन करील.